शाळा गावाची की ज्याच्या त्याच्या मुलाची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजून उत्तर देतोय ते कळेल. तुमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचा पट १४ वर आलाय. शिक्षक दोन. गावातली बाकीची मुलं सकाळी पिवळ्या बसमधून तालुक्याला जातात, त्यांत तुमची मुलगीही आहे. ही शाळा बंद करून मुलांना तीन किलोमीटरवरच्या शाळेत घालावं, असा विषय येत्या ग्रामसभेत निघणार आहे. तुम्ही ग्रामपंचायत सदस्य आहात, तेव्हा तुमच्या मताला वजन आहे. आणि तुम्ही विचारता की शिकल्याचा फायदा ज्याचा त्याला होतो, तर खर्च सगळ्यांनी का सोसायचा? शिवाय १४ मुलांच्या शाळेवाचून लोकशाहीचं असं काय अडणार आहे?

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेत काढली. १९ वर्षं शिक्षक, ५ वर्षं मुख्याध्यापक, शेवटची ७ वर्षं केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर (केंद्रावर) देखरेख करणारा. एक कबुली सुरुवातीलाच देऊन टाकतो: माझा मुलगा चौथीपर्यंत माझ्याच शाळेत होता, पाचवीला मी त्याला तालुक्याच्या खासगी शाळेत घातलं. तेव्हा बसमध्ये मुलगी बसवली म्हणून तुम्हाला बोल लावायला मला तोंड नाही. ती बस मीही पाहिली आहे, तिचे पैसेही भरले आहेत.

'फायदा ज्याचा त्याला' हा मुद्दा आजचा नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात त्यांनी याचा हिशेबच मांडला. सरकारचा महसूल येतो कुठून, तर शेतकऱ्याच्या घामातून. तो खर्च होतो कुणावर, तर वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. वरच्यांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल असं तेव्हाचं सरकारी धोरण होतं, त्याची फुल्यांनी पार चिरफाड केली. ठरावीक वयापर्यंत, निदान १२ वर्षांपर्यंत, प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी त्यांची मागणी होती. त्यांनी सुचवलेला अभ्यासक्रम बघा: मोडी आणि बाळबोध लिपी वाचता-लिहिता येणं, हिशेब, शेतीची प्राथमिक माहिती, नीती, आरोग्य. सावकाराची वही वाचता येणं आणि सरकारी कागद समजणं हे त्यात गृहीतच आहे. म्हणजे 'खर्च सगळ्यांनी का सोसायचा' हा तुमचा प्रश्न फुल्यांनी उलटा विचारला होता: खर्च तर सगळेच सोसताहेत, मग शाळा थोड्यांनाच का?

त्यानंतर गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. विरोधात नुसते इंग्रज अधिकारी नव्हते, आपल्याकडचे जमीनदारही होते. पोरं शाळेत गेली तर शेतावर कोण राबणार, ही चिंता होती. गोखल्यांच्या डोळ्यांसमोर उदाहरण होतं बडोद्याचं. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात सक्ती लागू केली होती. आणि १९१७ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी तेच केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा रुपया! मूल शाळेत घालणं ही बापाची खासगी मर्जी नाही, एवढं तो दंड सांगत होता.

आता लोकशाहीकडे येतो, कारण तिथे एक गैरसमज फार पसरलाय. लोक म्हणतात, आधी शिक्षण, मग लोकशाही. अडाणी माणसाच्या हातात मत दिलं म्हणून देशाचं असं झालं. मला हे पटत नाही, आणि इतिहासालाही पटत नाही. १९३५ च्या कायद्याखाली मत कुणाला होतं? मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांपैकी काहीतरी असणाऱ्यांना. संविधानानं ते कुंपण काढलं. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता होती १८ टक्क्यांच्या आसपास, आणि त्याच सुमारास १७ कोटींहून जास्त मतदारांची यादी तयार झाली. नाव वाचता येत नाही म्हणून पेट्यांवर चिन्हं लावली. बैलजोडी, झोपडी. लोकांनी मतं दिली, सरकारं बसवली, पुढे पाडलीही. मतदान करायला शाळा लागत नाही.

शाळा लागते ती पुढच्या पाच वर्षांसाठी. मत दिल्यावर तलाठ्याकडे जायचं असतं. सातबाऱ्यावर नाव चुकलेलं असतं. रोजगार हमीचा हप्ता कुणा दुसऱ्याच्या खात्यावर जमा झालेला असतो. ग्रामसभेत जमाखर्च वाचून दाखवतात तो इतक्या वेगात, की शिकलेल्यालाही कळू नये. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी वाचणारा दुसरा कुणीतरी असतो, आणि तो फुकट वाचत नाही. एका गावात मी पाहिलंय, घरकुलाचा अर्ज भरून द्यायचे पाचशे रुपये घेणारा माणूस तीन निवडणुका गावचं राजकारण चालवत होता. त्याचा धंदा कशानं बसला? त्या गावातल्या पोरी दहावी झाल्या आणि आपल्या आयांचे अर्ज स्वतः भरायला लागल्या. त्या पोरी शिकल्या याचा फायदा फक्त त्यांच्या घराला झाला असं म्हणाल? ज्या घरात शाळेत जाणारं मूलच नव्हतं त्यांचेही पाचशे वाचले. सार्वजनिक हित म्हणतात ते असं असतं. ते कुणाच्या घरच्या हिशेबवहीत दिसत नाही, म्हणून त्याचं बिल कुणाच्या नावानं फाडता येत नाही.

संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदात १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यायला दहा वर्षांची मुदत घातली होती. म्हणजे १९६०. प्रत्यक्षात शिक्षण हा मूलभूत हक्क झाला २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं, आणि त्याचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. अर्धं शतक उशीर. आणि हा उशीर कुणाच्या अंगावर टाकला ते बघा. हरियाणानं २०१५ मध्ये पंचायत निवडणुकीला उभं राहायला शिक्षणाची अट घातली, सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. राजस्थाननं तशीच अट घातली आणि २०१९ मध्ये मागे घेतली. आपल्याकडेही १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्याला सरपंच व्हायचं तर सातवी पास लागते. तुम्ही सदस्य आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत. सरकारनं शाळा दिली नाही, किंवा दिलेली मोडू दिली, आणि मग त्याच मुलाला मोठेपणी विचारायचं की दाखला कुठाय? तीन किलोमीटरवर, ओढा ओलांडून शाळेत जायचं म्हणून जी मुलगी पाचवीतच घरी बसेल, ती आणखी १५-२० वर्षांनी सरपंचाच्या खुर्चीवर बसू शकणार नाही. तुमच्या ग्रामसभेच्या ठरावात ही ओळ कुणी लिहिणार नाही, पण ती त्यात असेल.

'सार्वजनिक' हा शब्द आपण आज सहज वापरतो. सार्वजनिक शौचालय, सार्वजनिक गणपती. शाळेच्या बाबतीत या शब्दासाठी माणसं झगडली आहेत. १८५६ मध्ये धारवाडला एका महार मुलानं सरकारी शाळेत प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. एका मुलासाठी बाकी सगळ्या समाजाचा रोष ओढवून शाळा ओस पाडायची नाही, असा सरकारचा पवित्रा होता, आणि मुलगा बाहेरच राहिला. दोन वर्षांनी सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचं धोरण कागदावर आलं. कागदावरच. पुढे कितीतरी वर्षं मुलं व्हरांड्यात, दाराबाहेर, लांब बसत राहिली. १९२३ मध्ये सीताराम केशव बोल्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालयं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य वर्गाला खुले असावेत, असा त्याचा आशय. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्याला ठाऊक असतो. त्या सत्याग्रहाच्या मागे हाच ठराव होता, आणि त्याच यादीत तळ्याशेजारी शाळा होती हे मात्र आपण विसरतो. तळ्याचं पाणी आणि शाळेची पाटी, दोन्हींबद्दल एकच प्रश्न होता: सगळ्यांच्या पैशाचं ते सगळ्यांचं आहे की नाही?

इथे एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे मी प्रत्येक शाळाबंदीच्या विरोधात आहे असं वाटणार नाही. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या, आणि त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवलं. ती बंदी मुलांना एकत्र आणण्यासाठी होती. त्याच वर्षी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ पासून साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहू लागली, एकत्र स्वयंपाक करून एका पंगतीत जेवू लागली. त्या काळात बोर्डिंगं बहुतेक जातवार होती, आणि ज्या जातींना कुणी दारात उभं करत नव्हतं त्यांच्यासाठी ती गरजेचीही होती. तरी भाऊरावांनी वेगळी वाट धरली. भाकरी भाजायची पाळी आली की जात विचारायला वेळ कुणाला असतो, असं जुनी माणसं सांगत. माझे स्वतःचे गुरुजी तिथल्या वसतिगृहात वाढलेले होते. ते लोकशाहीवर कधी बोलले नाहीत. पण पोषण आहाराची खिचडी वाढताना कोण कुठे बसलंय यावर त्यांची घारीसारखी नजर असायची.

तर तुमची बस. बसनं काय झालं? तुमच्या मुलीचं शिक्षण बहुधा सुधारलं. पण शाळेतून नुसती मुलगी गेली नाही, तिच्याबरोबर तुम्ही गेलात. शिक्षक उशिरा आला तर जाब विचारणारा बाप गेला, गटशिक्षणाधिकाऱ्याला फोन लावणारा, फोन उचलला नाही तर पंचायत समितीत जाऊन बसणारा. मागे राहिलेल्या १४ मुलांची यादी मी न बघताही अंदाज करू शकतो. चार-पाच ऊसतोड कामगारांची, जी दिवाळीनंतर आईबापांबरोबर कोयत्यामागे जातात. दोन-तीन भटक्या कुटुंबांची. एखादं आजीकडे ठेवलेलं. आणि उरलेल्या मुली, ज्यांचे सख्खे भाऊ तुमच्या मुलीच्या बसमध्ये आहेत. हे शेवटचं मी केंद्रातल्या जवळजवळ प्रत्येक गावात पाहिलं. पोरगा फीच्या शाळेत, पोरगी 'झेडपी'त. हजेरीपटातली मुलींची आणि मुलांची संख्या शेजारी शेजारी लिहून बघा.

शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमात शाळा व्यवस्थापन समिती आहे. किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला, वंचित घटकातल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा, अध्यक्ष पालकांतला, आणि मुख्याध्यापक सचिव. शाळेचा विकास आराखडा करायचा, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवायचं, पोषण आहार बघायचा, मुलं येतात की नाही ते पाहायचं. कागदावर इतकी चांगली रचना देशात फार थोड्या ठिकाणी सापडेल. आमदार निवडताना गरीब बाईला एक मत असतं, इथे तिला खुर्ची असते.

प्रत्यक्षात? मी केंद्रप्रमुख असताना बहुतेक शाळांत समितीची सभा म्हणजे प्रोसिडिंग बुक घरोघर फिरवून घेतलेल्या सह्या. मुख्याध्यापक म्हणून मीही दोन वर्षं तेच केलं, कारण बायका रोजगार बुडवून सभेला कशा येणार? पुढे एका वस्तीवरच्या शाळेत आम्ही सभा संध्याकाळी सातला ठेवायला लागलो, आणि चित्र बदललं. एक बाई, स्वतः चौथी शिकलेली, मोठ्यानं वाचताना अडखळायची. तिनं तिसऱ्या सभेत विचारलं, "तांदळाची पोती किती आली ते लिहिलंय, किती उरली ते का नाही लिहिलं?" मी गप्प. खरं सांगायचं तर मला राग आला. माझ्या शाळेत, माझ्या नोंदवहीत, हिनं बोट घालावं? आठवडाभरानं मी नोंद पुरी केली. पुढे ती ग्रामपंचायतीला उभी राहिली. महाराष्ट्रात पंचायतीतलं महिला आरक्षण २०११ पासून निम्मं झालंय, त्यामुळे जागा होतीच. ती पडली, पाच-सहा मतांनी. मग तिनं दुसऱ्या वेळी उभं राहायचं नाही म्हणून सांगितलं. गोष्ट इथे संपते. ती सरपंच वगैरे झाली नाही. पण त्या गावात जमाखर्च वाचणारा ग्रामसेवक त्यानंतर जरा हळू वाचू लागला.

मुलांना लोकशाही शिकवायची म्हणून आम्ही बरंच काही करतो. परिपाठात रोज संविधानाची उद्देशिका. पोरं ती इतकी झरझर म्हणतात की 'दर्जाची व संधीची समानता' एका श्वासात जाते. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक, हल्ली मोबाइलवरच्या मतदान यंत्राच्या ॲपनं, बोटाला शाई लावून. फोटो छान येतात. नववी-दहावीला राज्यशास्त्र असतं, पण ते इतिहासाच्या पेपरात शेपटीसारखं, आणि परीक्षेला काय येणार तेवढंच वाचलं जातं. यातून काही घडत नाही असं नाही. पण थोडं.

माझा एक प्रसंग सांगतो, त्यात माझं शहाणपण दिसणार नाही. लोकवर्गणीतून खेळाचं साहित्य आणायला पंधराशे रुपये मिळाले. काय आणायचं यावर मी तिसरी-चौथीचं मतदान घेतलं. क्रिकेटचा संच ११, दोरउड्या आणि रिंग ८. मुलगे ११ होते, मुली ८. दुसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, आम्ही कधीच जास्त होणार नाही, मग मत कशाला घेता?" मला उत्तर सुचलं नाही. मी काय केलं, तर पगारातून दोरउड्या आणून दिल्या. मुली खूश, मीही खूश. आज कळतं की मी त्या दिवशी राजासारखा वागलो. दान दिलं आणि प्रश्न मिटवला. तिचा प्रश्न अल्पसंख्येचा होता, राज्यघटनेतले मूलभूत हक्क त्याच प्रश्नासाठी आहेत. पैसे वाटून घ्यायचे का, पाळीपाळीनं आणायचं का, मतालाच न टाकण्यासारख्या काही गोष्टी असाव्यात का, हे त्या १९ मुलांना भांडू द्यायला हवं होतं. पाठ्यपुस्तकातले चार धडे त्यात होऊन गेले असते. आणि तिथे गावातली सगळ्या घरांतली मुलं होती म्हणून तो प्रश्न निघाला, हेही विसरता येत नाही. एकाच फीच्या, एकाच थराच्या वर्गात सगळ्यांना बहुधा क्रिकेटच हवं असतं.

आता सरकारी शाळांची बाजू घेऊन मी त्यांचं काय चुकलं ते झाकणार नाही. पाचवीतलं मूल दुसरीचा उतारा वाचू शकत नाही अशा शाळा माझ्याच केंद्रात होत्या, आणि केंद्रप्रमुख मी होतो. कारणं सगळ्यांना माहीत आहेत. दोन वर्ग, कधी चार वर्ग एका शिक्षकाकडे. रिक्त पदं. दर आठवड्याला नवी ऑनलाइन माहिती भरायची. जनगणना आणि निवडणुकीची कामं तर कायद्यानंच आमच्याकडे दिली आहेत. मतदार यादीत नावं घालत फिरणारा बीएलओ बऱ्याचदा शिक्षकच असतो. (गंमत बघा, मतदान केंद्रही शाळेतच. तुमची शाळा बंद झाली तर निवडणुकीच्या दिवशी यंत्र कुठे ठेवणार ते तरी ठरवून ठेवा.) पण कारणं सांगून मूल वाचायला लागत नाही. आणि काही शिक्षकांनी नुसतीच नोकरी केली, हेही खरं. त्यांच्या वर्गातून ज्यांनी मुलं काढली त्यांना मी नावं ठेवत नाही. चौदा मुलांच्या शाळेत खेळायला संघ होत नाही, गोष्ट सांगायला श्रोते नसतात, हाही मुद्दा खोटा नाही. २०२३ मध्ये राज्य सरकारनं २० पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांची कल्पना मांडली. अशा शाळा राज्यात चौदा-पंधरा हजार होत्या. मोठी शाळा, वर्गाला शिक्षक, ग्रंथालय, मैदान. वाहन खरोखर रोज दारात येणार असेल आणि पावसाळ्यातही येणार असेल, तर ही कल्पना वाईट नाही. माझा अनुभव असा, की शाळा जूनमध्ये बंद होते आणि वाहनाची निविदा दिवाळीनंतर निघते.

खासगी शाळांत गरीब आणि वंचित मुलांसाठी असलेल्या २५ टक्के राखीव जागांचं काय, असंही तुम्ही विचारलंय. सर्वोच्च न्यायालयानं ती तरतूद २०१२ मध्ये उचलून धरली. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित शाळांना त्यातून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली. निकाल योग्यच झाला असं मला वाटतं, कारण श्रीमंताच्या आणि गरिबाच्या मुलानं एका बाकावर बसायची तेवढी एकच फट उरली आहे. पण मनात एक खुटखुट राहते. गावातली सगळ्यात धडपडी गरीब आई कोण, तर जी रात्री जागून तो ऑनलाइन अर्ज भरते. तिचं मूल त्या जागेवर जातं, आणि आमच्या समितीतली सभेला येणारी एकमेव बाई कमी होते. यावर माझ्याकडे तोड नाही. शेजारशाळेचा, म्हणजे परिसरातल्या सगळ्या मुलांनी एकाच शाळेत जायचं याचा आग्रह कोठारी आयोगानं १९६६ मध्येच धरला होता. तो अहवाल डी.एड.ला आम्हाला परीक्षेपुरता होता. देशानंही तो परीक्षेपुरताच वाचला असावा.

तुमच्या हातातलं काय आहे ते सांगतो. मुलगी बसमधून उतरवा असं मी म्हणणार नाही. ते तुमच्या घरातलं ठरू द्या. पण शाळा व्यवस्थापन समितीवर पालक नसलेल्या सदस्यांच्याही जागा असतात, ग्रामपंचायतीच्या निवडून आलेल्या सदस्यासाठी त्यात जागा आहे. ती रिकामी असेल तर मागा. मुलगी तिथे नसतानाही तुम्ही त्या शाळेचे पालक होऊ शकता, नव्हे, कर भरता तेव्हा आहातच.

ग्रामसभेआधी शाळेत जाऊन यू-डायसची, म्हणजे शाळेच्या सरकारी माहितीपत्रकाची, प्रत मागून घ्या. पट, मुलींची संख्या, मंजूर पदं, भरलेली पदं सगळं त्यात मिळेल. त्या १४ घरी स्वतः जा. लांबच्या शाळेत कोण पाठवेल आणि कोण घरी बसवेल ते विचारा, आणि उत्तर बापाकडून न घेता आईकडून घ्या. वाहन मिळणार असं कुणी सांगितलं तर लेखी मागा, कुणाच्या सहीनं आणि कोणत्या तारखेपासून. शाळा बंद करायचा अधिकार ग्रामसभेला नाही, तो वरच्यांचा. पण 'गावानंच मागणी केली' असा ठराव फायलीला लागला की वरच्यांचं काम सोपं होतं. म्हणून त्या ठरावाकडे दुर्लक्ष करू नका.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, तीही नुसती सह्यांवर उरकली जात असेल. ती खरोखर भरवा आणि विषय आधी तिथे काढा. मुख्य सभेची गणपूर्ती, म्हणजे कोरम, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जी संख्या कमी असेल ती. पण गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अट नसते, आणि नको ते ठराव नेमके तहकूब सभेतच पास होतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. तेव्हा माणसं पहिल्या तारखेलाच न्या, आणि ऊसतोडीची कुटुंबं गावात असतानाच ती तारीख घ्यायला लावा. दिवाळीनंतर सभा ठेवली तर त्या १४ पैकी चार-पाच मुलांचे आईबाप फडात असतील.